पावसासाठी की भिंतीसाठी?

गेल्या दिवाळीत एका घरी फराळाला आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. त्यातली तीन कुटुंबं नुकतीच थायलंडला जाऊन आलेली. नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीयांना तिकडे व्हिसाची सूट मिळाली, तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी जाऊन येतंच आहे. पहिल्या खेपेला बँकॉक-पट्टाया झालं की दुसऱ्या खेपेला उत्तरेचं चिआंग माई, तिथली मंदिरं आणि तिथली हस्तकलेची गावं. बोलणं बो सांग या छत्र्यांच्या गावावर आलं आणि वाद पेटला. एक काका म्हणाले, "सगळा देखावा आहे. बस थांबली की बायका रंगवायला बसतात, बस गेली की उठतात. खरं गाव उरलेलंच नाही." त्यावर एक मावशी तावातावाने म्हणाल्या, "अहो, पण आपण विकत घेतो म्हणून तर ती कला टिकलीय. नाहीतर कधीच मेली असती." तासभर हेच चाललं. मी फारसं बोलले नाही. दोन्ही बाजू मला सारख्याच चुकत आहेत असं वाटत होतं, आणि का वाटत होतं ते चकली खाता खाता सांगण्याएवढं सोपं नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अशा गावात जावं, जरूर जावं. पण गाव खरं की खोटं याची परीक्षा घ्यायला जाऊ नये, आणि तिथली कला वाचवल्याचं श्रेय घ्यायलाही जाऊ नये. गिऱ्हाईक म्हणून जावं. काकांच्या मनात तिथला कारागीर नट आहे आणि आपण प्रेक्षक. मावशींच्या मनात तो गरजू आहे आणि आपण दाते. तो एक धंदा करणारा माणूस आहे, त्याच्या हातात हुन्नर आहे आणि त्याला त्याचे चार पैसे बरे मिळायला हवेत, ही साधी गोष्ट दोघांच्याही हिशेबात येत नाही. वाद नासतो तो इथेच.

बो सांग चिआंग माईच्या पूर्वेला नऊ-एक किलोमीटरवर, सान कांफेंग भागात आहे. एका बौद्ध भिक्खूने ब्रह्मदेशात छत्र्या होताना पाहिल्या, ते काम शिकून घेतलं आणि गावाला शिकवलं, अशी तिथली आख्यायिका. मी गेले तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. नुकताच कागद चढवलेल्या छत्र्या अंगणात उघड्या करून उन्हाला ठेवल्या होत्या आणि पडवीत प्रत्येक कामाला वेगळं माणूस होतं. काड्या जिथे एकत्र येतात त्या लाकडी गट्टूला एकजण खाचा पाडत होता. शेजारची बाई त्या खाचांतून बांबूच्या काड्या दोऱ्याने ओवत होती. कागद 'सा' नावाच्या, तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा. साल उकळायची, कुटायची, लगदा पाण्यात पसरून चाळणीवर उचलायचा आणि चाळणीसकट उन्हात वाळवायचा. या कागदासाठी जवळचं बान तोन पाव हे गाव प्रसिद्ध आहे. म्हणजे छत्री आपल्याला दिसते एक, तिच्यावरून फिरलेले हात मात्र अनेक घरांतले.

ज्यांच्यासमोर मी बराच वेळ बसले त्या बाई साठीच्या पुढच्या असाव्यात. तिकडे अशा वयाच्या बाईंना 'पा' म्हणतात. आई-वडिलांच्या थोरल्या बहिणीसाठीचा हा शब्द, आपल्या 'मावशी'सारखाच परक्यांनाही चालणारा. बोटावर खळ घेऊन त्या कागद सांगाड्यावर बसवायच्या आणि मग प्रत्येक काडीवरून अंगठा एकदा आतून कडेकडे ओढत न्यायच्या. खाली हवा राहिली तर कागद पुढे तिथेच फाटतो, असं सोबतच्या मुलीने मला समजावलं. मला मोठी छत्री हवी आहे, असं तिच्याकरवी सांगितल्यावर पांनी मान वर केली आणि एकच प्रश्न विचारला, "पावसासाठी की भिंतीसाठी?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. भिंतीसाठी असेल तर कागद पातळ चालतो, वर फुलं-पक्षी भरपूर रंगवता येतात आणि ती लगेच नेता येते. पावसासाठी असेल तर कागद जास्त लागतो, वर तेल द्यावं लागतं आणि ते वाळेपर्यंत थांबावं लागतं. आमच्या बसमधल्या इतर कुणाला हा प्रश्न विचारला गेला नव्हता, कारण आपल्याला काय हवंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या आईचा शिंपी 'रोजचं की लग्नातलं?' हे विचारल्याशिवाय माप घ्यायचा नाही. पांचा प्रश्न त्याच जातीचा होता. वस्तू कोण वापरणार, कशासाठी वापरणार हे कळल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकणार नव्हता. अशा बाईंना नट कसं म्हणायचं?

आता काकांच्या 'खऱ्या गावा'कडे वळू. खरं म्हणजे कुठल्या सालचं? चिआंग माई वसवलं राजा मंगराईने, १२९६ मध्ये. १५५८ मध्ये ते ब्रह्मी सत्तेखाली गेलं आणि पुढची दोनशे वर्षं लढायांत शहर जवळजवळ ओस पडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी राजा काविलाने ते पुन्हा वसवलं ते आसपासच्या मुलखातून माणसं आणून, आणि ती सगळीच काही खुशीने आलेली नव्हती. 'भाज्या टोपलीत भरा, माणसं नगरात भरा' असं त्या काळाचं वर्णन तिथे आजही केलं जातं. चिआंग माईच्या लाखकामाला 'ख्रुआंग खन' म्हणतात, कारण ते ब्रह्मदेशातल्या केंगतुंगकडून आलेल्या खन लोकांचं. वुआ लाय भागातले चांदीकाम करणारे लोकही साल्वीन नदीकाठून असेच आणून वसवलेले. आज आपण ज्याला लान्ना या उत्तरेच्या जुन्या राज्याची अस्सल परंपरा म्हणतो, ती अशी विस्थापित माणसांच्या हातांनी उभी राहिलेली आहे. शहराच्या दक्षिणेचं बान तवाय घ्या. लाकडी कोरीवकामाचं पारंपरिक गाव म्हणून सगळ्या सहलींच्या यादीत ते असतं. तिथला हा धंदा जेमतेम साठ-सत्तर वर्षांचा. शहरात काम शिकलेले काही जण गावी परतले, त्यांनी इतरांना शिकवलं आणि भातशेतीला जोड म्हणून गाव कोरायला लागलं. १९८८च्या महापुरानंतर, १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली, सागवान मिळेनासं झालं, तेव्हा या भागातले कारागीर जुन्या घरांच्या लाकडाकडे आणि आपल्या रस्त्यांवर सावली धरणाऱ्या पर्जन्यवृक्षाच्या लाकडाकडे वळले. हे खोटं म्हणायचं का? मला तर ते गाव याच कारणासाठी आदराचं वाटतं.

परक्या गिऱ्हाइकाने परंपरा बाटते, हा समज तर त्याहून कच्चा आहे. सुखोथाई आणि सी सच्चनालाईच्या भट्ट्यांतली संखलोक भांडी चौदाव्या ते सोळाव्या शतकात जहाजं भरभरून जावा, सुमात्रा, फिलिपिन्सला जात होती. बुडालेल्या जहाजांत ती आजही सापडतात. जपानमधले चहा-सोहळ्याचे रसिक त्यांना 'सुंकोरोकु' म्हणत आणि जिवापाड जपत. म्हणजे सयामचा, आजच्या थायलंडचा, कुंभार पाच-सहाशे वर्षांपूर्वीही कधी न पाहिलेल्या माणसांसाठी चाक फिरवत होता. आणि यात आपणही आहोत. अयुथया या सयामच्या जुन्या राजधानीतल्या दरबारासाठी, त्यांनी ठरवलेल्या नक्षीची वस्त्रं कोरोमंडलच्या किनाऱ्यावर रंगवली जात. गुजरातेत पेथापूरच्या कारागिरांनी कोरलेल्या ठशांनी सयामच्या बाजारासाठी खास कापड छापलं जाई. त्याचं नावच सौदागिरी. विसाव्या शतकापर्यंत हा व्यापार चालला. छापणाऱ्याने सयाम पाहिलेलं नव्हतं, त्याच्या घरात कुणी ते कापड नेसत नव्हतं. आज संग्रहालयात त्या कापडासमोर उभं राहून आपण 'बाहेरच्यांसाठी केलेलं, म्हणजे नकली' असं म्हणतो का? मग बो सांगच्या छत्रीलाच हा न्याय का?

मुळात, ज्या गिऱ्हाइकामुळे कला 'खरी' होती म्हणतात, ते गिऱ्हाईक स्वतःच उठून गेलेलं असतं. बँकॉकमध्ये वात साकेत या टेकडीवरच्या मंदिराजवळ बान बात नावाची वस्ती आहे. 'बात' म्हणजे भिक्षापात्र. १७६७ मध्ये अयुथया पडल्यानंतर तिथून निघालेल्या लोकांनी नव्या राजधानीत ही वस्ती केली असं सांगतात. लोखंडाचे आठ तुकडे जोडून ते एक पात्र घडवतात आणि आठ हा आकडा अष्टांगिक मार्गाचा, अशी तिथली श्रद्धा. आधी काठाचं कडं, मग त्याला उलट्या क्रॉससारख्या पट्ट्या, मधल्या जागी पानाच्या आकाराचे तुकडे, मग भट्टीत तांब्याने सांधणं आणि मग ठोकणं, ठोकणं, ठोकणं. एका पात्राला कित्येक दिवस. हे घेणार कोण? भिक्खू आता बहुतेक यंत्रावर दाबून काढलेली पात्रं वापरतात. ती स्वस्त असतात आणि दान देणाऱ्याला परवडतात. धर्मासाठी घडवलेली वस्तू धर्मातल्याच माणसांनी सोडली. गल्लीत घणाचा आवाज आज जो काही येतो, त्यात पर्यटकाने घेतलेल्या पात्रांचा वाटा मोठा आहे.

हे वाचताना पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवल्याशिवाय राहत नाही. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेले हे कारागीर, त्यांचा तो मठारकामाचा ठोका. त्यांचं गिऱ्हाईक कुणी घालवलं? कुठल्या परदेशी पाहुण्याने? आपल्याच आज्यांनी आणि आयांनी बंब, घंगाळी, हंडे मोडीत दिले आणि स्टील घेतलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कल्हईची कटकट, घासण्याचे कष्ट त्यांच्याच वाट्याला होते. पण आज त्याच आळीतलं मठारलेलं भांडं कुणी दिवाणखान्यातला दिवा म्हणून नेतो, तेव्हा 'आता ते खरं राहिलं नाही' म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून आला? ज्यांनी वापरणं सोडलं, त्यांनी घेणाऱ्याच्या कारणांवर नाक मुरडू नये.

इथवर मी काकांशी भांडले. पण त्यांच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की त्यापुढे मी पूर्ण मान तुकवते. म्यानमारमधल्या संघर्षातून पळून उत्तर थायलंडात आलेले कयान लोक, ज्यांच्या बायका गळ्यात पितळेचं वेटोळं घालतात. त्यांची गावं सहलींत 'हस्तकलेचं गाव' म्हणूनच विकली जातात. दाराशी तिकीट असतं, आत बायका मागावर रुमाल विणत बसलेल्या असतात आणि लोक फोटो काढत फिरतात. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने उघडपणे सांगितलं, की यातल्या काही जणांना न्यूझीलंड आणि फिनलंड वसवून घ्यायला तयार असूनही थायलंड त्यांना बाहेर पडू देत नाही. पर्यटकांनी या गावांवर बहिष्कार घालावा, असंही त्या संस्थेने सुचवलं. काही तरुण मुलींनी निषेध म्हणून गळ्यातलं वेटोळं उतरवून ठेवलं. छावणीत रिकामं बसण्यापेक्षा इथे मिळकत बरी, असं म्हणणाऱ्याही त्यांच्यात आहेत, आणि ते मला खोटं वाटत नाही. तरी मी तिथे गेले नाही आणि कुणाला जा म्हणणार नाही. बो सांग आणि हे गाव यांत फरक 'अस्सलपणा'चा नाही. गळ्यातलं वेटोळं उलट छत्रीपेक्षा जुनं असेल. फरक असा की एका ठिकाणी मी वस्तूचे पैसे देते आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या शरीराकडे बघण्याचे. एका ठिकाणी बाई उद्या काम सोडून शहरात दुकान टाकू शकते, दुसऱ्या ठिकाणी तिला गावाबाहेर पडायला परवानगी लागते. नाही म्हणण्याची मोकळीक ज्याला नाही, त्याच्याशी सौदा होऊच शकत नाही. काकांनी 'देखावा' हा शब्द इथे वापरला असता तर मी त्यांच्या शेजारी बसले असते. पण 'अस्सल की नकली' हा त्यांचा गज दोन्ही गावांना लावला तर कयान गाव पास होईल आणि बो सांग नापास. जो गज इतका उलटा निकाल देतो तो टाकून द्यायला नको का?

मावशींच्या बाजूलाही एक गाठ आहे आणि ती सुटायला सोपी नाही. पर्यटकाची मागणी वस्तू खरोखर बिघडवते. बॅगेत बसली पाहिजे म्हणून छत्री आखूड होते, मग हातभर, मग कॉकटेलच्या ग्लासात खोचण्याएवढी. तेल महाग आणि वेळखाऊ, म्हणून ते जातं. उरतो रंगवलेला कागद. २००१ मध्ये थायलंडने जपानच्या ओइता प्रांताचं पाहून 'एक तंबोन (म्हणजे काही गावांचा गट), एक उत्पादन' ही योजना आणली, मालाला एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. हजारो गावांना त्यातून बाजार मिळाला, हे मान्य. पण कमळाच्या आकाराचा तोच साबण आणि हत्तीचं तेच पाकीट मी चार गावांत पाहिलं. 'आपण घेतो म्हणून कला टिकते' हे वाक्य मग अपुरं पडतं. काय घेतो, यावर काय टिकतं ते ठरतं.

बँकॉकच्या बान क्रुआ वस्तीचं उदाहरण यासाठी मी नेहमी देते. सेन सेप कालव्याकाठी राहणारे हे चाम मुस्लीम विणकर. दुसऱ्या महायुद्धानंतर बँकॉकमध्ये राहिलेल्या जिम थॉम्पसन या अमेरिकन माणसाने त्यांच्या मागावरचं रेशीम पाहिलं. धुतलं की रंग जायचा, म्हणून त्याने पक्के रंग आणवले, मापं आणि दर्जा ठरवून दिला आणि माल न्यूयॉर्कपर्यंत पोचवला. आज जगात थाई रेशीम म्हणून जे ओळखलं जातं ते या परक्या आणि चोखंदळ गिऱ्हाइकाच्या हट्टातून घडलेलं आहे. तो दाता नव्हता. खराब तागे परत पाठवणारा व्यापारी होता, आणि म्हणूनच कापड सुधारलं. पुढची गोष्टही सांगितलीच पाहिजे. धंदा वाढला, विणकाम कोरातजवळच्या पाक थोंग चायला मोठ्या कारखान्यात गेलं आणि बान क्रुआत आता मोजके माग उरलेत. परका गिऱ्हाईक कलेला वर काढू शकतो, पण ती कला त्याच गल्लीत राहील याची हमी तो देत नाही. 'माझ्यामुळे वाचलं' असं म्हणणाऱ्याने हा शेवटही आपल्या खात्यावर मांडावा.

आता पैशाचं. आम्ही ज्या सहलीबरोबर गेलो होतो, तिच्या कार्यक्रमपत्रिकेत 'हस्तकला ग्राम दर्शन' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात सान कांफेंग रस्त्यावरच्या वातानुकूलित दालनांतून आम्हाला फिरवलं. रेशीम, रत्नं, लाख, चामडं, प्रत्येकी अर्धा तास, आणि बो सांगला चाळीस मिनिटं. गाईडचं आणि चालकाचं कमिशन कुठे ठरलेलं आहे हे कुणालाही दिसत होतं. दुपारी आमच्यातल्या एका गृहस्थांनी तीनशे बाटची छत्री घासाघीस करून एकशेऐंशीला आणली आणि बसमध्ये टाळ्या पडल्या. मला भाव करण्याचं वावडं नाही. मंडईत मीही करते, आणि भाव न करता दयेपोटी दिलेले पैसे कारागिराला आवडतात असंही नाही. पण मंडईत मला माहीत असतं की मेथीची जुडी आज कितीला आहे. इथे त्या गृहस्थांना छत्रीला किती दिवस लागतात हे माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. दालनाचं भाडं ठरलेलं, कमिशन ठरलेलं. मग जे एकशेवीस कमी झाले ते कुणाच्या वाट्यातून गेले असतील? ज्याची मजुरी ठरलेली नाही, त्याच्या. ज्याला श्रम कळतात त्याने भाव करावा, खुशाल करावा. ज्याला कळत नाहीत त्याने आधी दहा मिनिटं समोर बसावं.

"एवढा वेळ कुणाकडे असतो?" हे शेवटी येतंच, आणि ते खोटं नाही. पाच दिवसांची रजा, सोबत लहान मुलं, गुडघे दुखणारे आई-बाबा. पण आपल्याकडचे चाळीस-चाळीस जणांचे ग्रुप सहा महिने आधी पैसे भरून जातात. रोज वरण-भात, चहासोबत पोहे, जैन जेवण, सगळं आपण बुकिंगच्या वेळी ठासून सांगतो आणि ते मिळतंही. चिआंग माईत वरण-भात मिळवू शकणारी गिऱ्हाइकं 'चार दालनं गाळा आणि एका गावात अर्धा दिवस द्या' हे सांगू शकत नाहीत का? आमच्या आयोजकांना मी परत आल्यावर हे लिहून कळवलं. उत्तर आलं की अशी मागणी आजवर कुणी केलेली नाही. माझा यावर विश्वास आहे.

मी पांना 'पावसासाठी' म्हटलं. तेल वाळायला तीन दिवस लागतील, म्हणाल्या. आमचं विमान चौथ्या दिवशी सकाळी होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारचा हत्ती-कॅम्प सोडून मी लाल सोंगथेवमधून, म्हणजे तिथल्या शेअर गाडीतून, एकटी परत गेले. छत्री गडद तपकिरी-लाल, वर एकही फूल नाही, उघडली की जवसाच्या तेलासारखा वास. निघताना त्यांनी तळहाताएवढी सा कागदाची घडी हातात ठेवली. फाटली तर लावायला. या जुलैत तिसऱ्या जोराच्या पावसात कडेच्या एका काडीवर कागद सुटला, नेमका जिथे माझा हात लागून लागून तेल गेलं होतं तिथे. घडी कपाटात आहे. रविवारी खळ शिजवणार आहे.